बर्डीतला ‘फोर चॅनेल’ लाँच बॉक्स: डबा घ्या, क्लिपा मात्र बदला

नागपूरच्या बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची दुकानं आहेत. त्यांतल्या एका दुकानात मॉडेल रॉकेट उडवायचा जोडलेला संच मिळतो. त्यावर कंपनीचं नाव नाही, फक्त ‘१२ व्होल्ट, फोर चॅनेल’ असं स्टिकर आहे. किंमत दीड हजाराच्या आत, बॅटरी वेगळी घ्यायची. कॉलेजची पोरं आणि विज्ञान प्रदर्शनवाले तो क्लस्टरसाठी, म्हणजे दोन-तीन-चार मोटरी (बारूद भरलेल्या नळ्या) एकदम पेटवायच्या रॉकेटसाठी घेतात, म्हणून हे परीक्षण फक्त त्याच कामापुरतं. एकाच मोटरीचं रॉकेट उडवायचं असेल तर एवढ्या डब्याची गरजच नाही.

आधी स्टिकरबद्दल. चार चॅनेल म्हणजे चार वेगळ्या वाटा, प्रत्येकीला आपला स्विच आणि आपला दिवा. इथे तसं काही नाही. एकच रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे आणि त्याच्या तोंडाला चार जोड्यांच्या क्लिपांचा झुपका बांधला आहे. क्लस्टरला हेच हवं असतं, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण चार रॉकेटं एकामागून एक उडवता येतील या समजुतीने कोणी घेतला तर पैसे वाया.

संचात दोन डबे येतात. पॅडजवळ, म्हणजे रॉकेट जिथून सुटतं तिथे ठेवायच्या डब्यात गाडीच्या हेडलाइटला लावतात तसा ३० अँपिअरचा रिले, बॅटरीला जोडायच्या थिंबल लावलेल्या दोन वायरी आणि क्लिपांचा झुपका. हातातल्या डब्यात चावी, लाल पुश बटण आणि वाट जोडलेली आहे हे दाखवणारा एक लाल एलईडी. दोघांना जोडणारी तीन तारांची १० मीटर केबल. बटण सोडलं की ते आपोआप बंद होतं, चावीशिवाय चालत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत मागितलेल्या या दोन्ही गोष्टी डब्यात आहेत.

रिले पॅडपाशी ठेवायची कल्पना अगदी बरोबर आहे, आणि या संचाची खरी किंमत तिचीच. चार एए सेलच्या साध्या कंट्रोलरने एक मोटर हमखास पेटते आणि चार पेटत नाहीत. असं का, ते हिशेबाने पाहा. एस्टेस या अमेरिकी कंपनीच्या इग्नाइटरचा (करंटने तापून मोटर पेटवणाऱ्या तारेचा) रोध साधारण ०.७ ओहम, आणि खात्रीने पेटायला त्याला २ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. अल्कलाइन एए सेलचा आतला रोध सुमारे ०.१५ ओहम, म्हणजे चारांचा ०.६. पाच मीटर लांब, ०.५ चौरस मिलिमीटरची केबल जाऊन-येऊन १० मीटर होते, तिचा ०.३९. क्लिपांचे ०.०५ धरा. एक इग्नाइटर असेल तर ६ व्होल्टला सगळे मिळून १.७४ ओहम, करंट ३.४ अँपिअर, काम झालं. चार इग्नाइटर समांतर जोडले की त्यांचा एकत्रित रोध ०.१७५ वर येतो, एकूण १.२ ओहम, करंट सुमारे ४.९ अँपिअर. तो चौघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा अँपिअरसुद्धा नीट येत नाही. मग एखादा पेटतो, एखादा नुसता तापतो. दोष इग्नाइटरच्या माथी मारला जातो, अडचण असते सेलच्या आतल्या रोधाची.

बर्डीच्या डब्याला १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची यूपीएसची बॅटरी जोडली की चित्रच बदलतं. चांगल्या बॅटरीचा आतला रोध ०.०२५ ओहमच्या आसपास असतो. पॅडच्या डब्यातली दीड चौरस मिलिमीटरची वायर जेमतेम एक मीटर, तिचा ०.०१३. रिलेचे संपर्क, क्लिपा आणि चार इग्नाइटर धरून एकूण ०.२७ ओहमच्या जवळपास. म्हणजे पहिल्या क्षणी ४५ अँपिअरच्या पुढे, इग्नाइटरमागे ११. क्लस्टरला असाच सढळ पुरवठा लागतो. समांतर जोडणीत प्रत्येक इग्नाइटर आपल्या रोधाप्रमाणे करंट ओढतो. कमी रोधाचा आधी पेटतो, जळून तुटतो आणि त्याचा वाटा उरलेल्यांकडे जातो. पुरवठा दमदार असेल तर जोडणी स्वतःच स्वतःला सावरून घेते. एकामागून एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलं तर उलटं होतं: पहिला जळून तुटला की सगळ्यांची वाट बंद. दुकानात कोणी “सिरीजनं पण चालते ना भाऊ” म्हणालं तर ऐकू नका.

४५ अँपिअर आणि ३० अँपिअरचा रिले हा हिशेब मात्र जुळत नाही. करंट काही मिलिसेकंदच वाहतो, त्यामुळे रिले लगेच मरत नाही, पण दरवेळी संपर्कावर ठिणगीचा डाग पडतो आणि एके दिवशी संपर्क चिकटून बसतो. दोन मोटरींपुरता आहे तो रिले चालेल. तीन-चार मोटरींना त्याच पायांचा ४० अँपिअरचा रिले टाका. गाडीच्या इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि सॉकेटमध्ये तसाच बसतो. ३० आणि ८७ या पायांतून मोठा करंट, ८५ आणि ८६ ही रिले ओढणारी कॉइल. कॉइलवर उलटा डायोड नाही, ही दुकानाची कंजुषी. १एन४००७ दोन-तीन रुपयांना येतो. पट्टीची बाजू प्लसकडे ठेवून ८५-८६ वर झाळा. नाहीतर कॉइल सुटताना येणारा व्होल्टेजचा झटका पुश बटणाचे संपर्क खात राहतो.

आता दोष, आणि हा जिवाशी खेळणारा आहे. हातातल्या डब्याची चावी फक्त कॉइलची वाट तोडते. बॅटरी ते क्लिप या जाड वाटेत स्विच नाही, फ्यूजही नाही. रिले चिकटलेला असेल तर चावी खिशात असतानाही क्लिपांवर पूर्ण १२ व्होल्ट हजर, आणि क्लिप लावणाऱ्याचं तोंड मोटरीपाशी. बॅटरीच्या प्लस वायरीत गाड्यांना लावतात तो बॅटरी कट-ऑफ स्विच आणि ३० अँपिअरचा पातीचा फ्यूज हे दोन्ही घाला. ४५ अँपिअरचा क्षणभराचा झटका ३० चा फ्यूज सहन करतो. दोन क्लिपा एकमेकींना चिकटून शंभराच्या वर करंट गेला की लगेच उडतो. १० चा फ्यूज टाकलात तर तो इग्नाइटरच्याही आधी जाऊ शकतो.

चावीचंही एक आहे. संचातली चावी ‘चालू’ स्थितीतसुद्धा बाहेर निघते. मग “चावी माझ्याकडे आहे” या वाक्याला अर्थ उरत नाही. फक्त बंद स्थितीत निघणारं लॉक मागून घ्या. त्याच काउंटरवर मिळतं, फरक थोड्या रुपयांचा.

एलईडीकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त फसवणूक तोच करतो. तो १ किलोओहमच्या रोधकातून जोडला आहे, त्यामुळे इग्नाइटरमधून जेमतेम १० मिलिअँपिअर जातात. हे चांगलं आहे. काही जुन्या कंट्रोलरांत एलईडीऐवजी बल्ब असतो आणि त्यातून शे-दोनशे मिलिअँपिअर सहज वाहतात. ई-मॅच, म्हणजे कमी करंटवर पेटणारा दुसऱ्या जातीचा इग्नाइटर, त्या तपासणीतच पेटू शकतो. बर्डीच्या डब्यात तो धोका नाही. उन्हात एलईडी दिसत नाही म्हणून ३ वॉटचा बल्ब बसवून द्यायला दुकानदार तयार असतो, तेवढं मात्र करू देऊ नका. त्यातून २५० मिलिअँपिअर जातात. एलईडीवर काळ्या पुठ्ठ्याची नळी चिकटवली की भर दुपारीही दिसतो.

फसवणूक अशी की चार समांतर इग्नाइटरपैकी तीन तुटलेले असले आणि एकच शाबूत असला तरी हा दिवा तितकाच लख्ख पेटतो. एक तरी वाट जोडलेली आहे, एवढंच त्याला कळतं. पूर्ण शॉर्ट असेल तरी तो पेटलेलाच दिसतो. म्हणून तपासणी आधी, टेबलावर, एकेका इग्नाइटरची, मोटरीत घालण्यापूर्वी करायची. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा लिहून घ्या (स्वस्त मीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो) आणि तो वजा करा. एका क्लस्टरमधले इग्नाइटर एकाच पाकिटातले असू द्या. ०.१ च्या खाली आकडा आला तर तारा टोकाशी चिकटल्या आहेत. तो टाकून द्या, वाकवून सरळ करत बसू नका. दोन जातींचे इग्नाइटर एका रॉकेटमध्ये मिसळायचेच नाहीत: ई-मॅच आधी पेटेल, रॉकेट उचललं जाईल आणि मागे राहिलेल्या इग्नाइटरच्या तारा क्लिपांतून निघून येतील.

मोठ्या रॉकेटांकडे पेटल्यावर तपासून थांबायची सोय असते. २८ मार्च २००१ ला इस्रोच्या पहिल्या जीएसएलव्हीचं उड्डाण अगदी शेवटच्या क्षणी आपोआप थांबलं, कारण बाजूला बांधलेल्या चार इंजिनांपैकी, म्हणजे स्ट्रॅप-ऑनपैकी, एकाने पुरेसा जोर धरला नव्हता. तिथे द्रव इंधनाचे चार स्ट्रॅप-ऑन आधी पेटतात, संगणक त्यांची ताकद बघतो आणि मगच मधली घन मोटर पेटते. तेच यान १८ एप्रिलला उडालं. आपल्या काळ्या बारूदाच्या मोटरींना पेटल्यावर थांबवणारं कोणी नाही. जे बघायचं ते बटणाआधी.

संचातला सगळ्यांत कच्चा भाग म्हणजे क्लिपांचा झुपका. आठ क्रोकोडाइल क्लिपा, प्रत्येकीची लांबी ५ सेंटिमीटरच्या आसपास, लोखंडावर निकेलचा मुलामा. १८ मिलिमीटरच्या चार मोटरी एकमेकींना चिकटून बसल्या की त्यांची केंद्रं रॉकेटच्या आसापासून १२.७ मिलिमीटरवर येतात. त्या एवढ्याशा जागेत आठ मोठ्या क्लिपा मावतच नाहीत. त्या एकमेकींना टेकतात, शॉर्ट होतात, किंवा स्वतःच्या वजनाने इग्नाइटर नोझलमधून खाली ओढतात. इग्नाइटरचं टोक बारूदाला टेकलेलं नसणं हे क्लस्टर फसण्याचं पहिलं कारण आहे, आणि या क्लिपा तेच घडवून आणतात. वर त्यांची वायर नुसत्या स्क्रूखाली दाबलेली, झाळलेली नाही. चार-पाच उड्डाणांत ती सैल होते. समांतर जोडणीत एक शॉर्ट म्हणजे सगळ्यांचा उपवास: सगळा करंट त्या फुकटच्या वाटेने जातो आणि तिन्ही शहाण्या इग्नाइटरांच्या वाट्याला काही येत नाही.

म्हणून झुपका कापून टाका आणि दोनच छोट्या क्लिपा ठेवा, ३ सेंटिमीटरच्या, तांब्याच्या मिळाल्या तर उत्तम. वायर झाळा, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. चार इग्नाइटर जोडायचं काम रॉकेटच्या बुडाशी उघड्या तांब्याच्या तारेच्या दोन कड्यांनी करा. २२ गेजची एकपदरी तार घ्या. प्रत्येक इग्नाइटर टोक बारूदाला टेकेपर्यंत आत सरकवा, प्लगने (बुचाने) घट्ट करा, मग एक पाय आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला वाकवा. आतले चारही पाय छोट्या कड्यावर प्रत्येकी तीन-चार वेढे देऊन पिळा, बाहेरचे चार मोठ्या कड्यावर. दोन कड्यांत किमान ८-१० मिलिमीटर अंतर राहू द्या, आणि मध्ये मास्किंग टेपची पट्टी. प्रत्येक जोड हलक्या हाताने ओढून बघा. कड्याची एक शेपटी बाहेर काढून तिला क्लिप लावा. क्लिपेच्या वायरीला पॅडच्या दांड्यावर टेपने आधार द्या, म्हणजे तिचं वजन इग्नाइटरवर येणार नाही.

दोन मोटरींना कडी लागत नाहीत. दोघांचे डावे पाय एकत्र पिळा, दोघांचे उजवे एकत्र. तीन मोटरींत मात्र हात चुकतो. त्रिकोणात बसलेल्या मोटरींचा प्रत्येक पाय शेजारणीच्या पायाला पिळला की दिसायला सुबक त्रिकोण होतो, तीन गाठींचा. त्यातल्या दोन गाठींना क्लिपा लावल्या की एका इग्नाइटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उरलेले दोन एकमेकांच्या सिरीजमध्ये, प्रत्येकाला निम्मं. एक मोटर पेटते, दोन मागे राहतात, आणि एलईडी आधी छान पेटलेला असतो. तीन पाय एका गाठीत, तीन दुसऱ्या गाठीत. गाठी मोजल्या आणि तीन निघाल्या तर उलगडा.

प्रत्येक उड्डाणानंतर क्लिपांचे दात काळे पडतात. पॉलिश पेपरचा तुकडा डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा आणि दरवेळी दोन फटके मारा. काजळीच्या थराने अर्धा ओहम सहज वाढतो, आणि वर मांडलेल्या हिशेबात अर्धा ओहम म्हणजे करंट एक-तृतीयांशावर.

बॅटरीबद्दल थोडं. नवी ७ अँपिअर-अवरची साधारण हजाराच्या आगेमागे मिळते. यूपीएसमधून काढलेली जुनी भंगारात फार स्वस्त पडते, मीटरवर १२.६ दाखवते आणि भार टाकताच बसते. गाडीचा ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब तिच्यावर अर्धा मिनिट लावा. व्होल्टेज १२ च्या खाली गेलं तर ती बॅटरी क्लस्टरच्या कामाची नाही. नागपुरात याला आणखी एक पदर आहे. मे महिन्यात उन्हात ठेवलेला काळा डबा आतून ६० अंशांवर जातो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांच्या मानाने कॉइलचा रोध १५-१६ टक्के जास्त, आणि रिलेला ओढून घ्यायला तेवढंच जास्त व्होल्टेज लागतं. दमलेली बॅटरी आणि तापलेला रिले एकत्र आले की रिले नुसता टकटकतो, ओढून धरत नाही. पॅडच्या डब्यावर पांढरा कागद लावा, सावलीत ठेवा. तसंही इथे क्लस्टर उडवायचा तो हिवाळ्यातल्या सकाळी. फेब्रुवारीनंतर माळावरचं गवत वाळतं, आणि चार मोटरींची ज्योत एका मोटरीपेक्षा बरंच लांब फेकली जाते. पॅडभोवतीचं गवत काढा, खाली लोखंडी पत्रा, बाजूला पाण्याची बादली.

केबल १० मीटर आहे. त्याच अमेरिकी नियमांप्रमाणे डी मोटरीपर्यंत (अक्षर पुढचं तशी मोटर मोठी) १५ फूट आणि त्यापुढे ३० फूट लांब उभं राहायचं असतं. चार सी मोटरींची एकूण ताकद ४० न्यूटन-सेकंदांपर्यंत जाते, डीची मर्यादा २० आहे. तेव्हा ३० फुटांचाच नियम धरा, आणि १० मीटर म्हणजे ३३ फूट. केबल जमिनीवर सैल पडली की तेवढं अंतर उरत नाही. २० मीटरची करून घ्या. या केबलमधून फक्त कॉइलचा १५० मिलिअँपिअर करंट जातो, त्यामुळे ०.५ चौरस मिलिमीटरची पातळ वायरही पुरते. पाव व्होल्टही पडत नाही.

पॅडवरचा क्रम असा. क्लिपांना आधी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा, कट-ऑफ चालू करा, चावी लावून फिरवा, बटण दाबू नका. एलईडीच्या १० मिलिअँपिअरने हा बल्ब पेटत नाही. पेटला तर रिले चिकटला आहे, तिथेच थांबा. बल्ब अंधारा असेल तर एकदा बटण दाबून तो पेटतो का आणि सोडल्यावर विझतो का तेही बघा. मग चावी काढून क्लिप लावणाऱ्याच्या खिशात, कट-ऑफ बंद, बल्ब काढा, कड्यांना क्लिपा लावा. बाकी सगळे मागे गेल्यावर त्याच माणसाने कट-ऑफ चालू करून यायचं. मोजणी पाचपासून उलटी, मोठ्याने. काहीच पेटलं नाही तर चावी काढा, पूर्ण ६० सेकंद थांबा, पॅडकडे गेल्यावर सगळ्यात आधी कट-ऑफ बंद करा.

चारपैकी एक पेटली नाही तर रॉकेट लगेच कोसळत नाही. उरलेल्या तिघींचा एकत्रित जोर आसापासून ४ मिलिमीटरच सरकतो, फिन्स मोठ्या असतील तर ते थोडं कलून वर जातं. दोन मोटरींच्या क्लस्टरमध्ये एक गेली तर सगळा जोर ९ मिलिमीटर बाजूला आणि वजन उचलायला निम्मी ताकद, म्हणून पहिला क्लस्टर दोन मोटरींचाच करावा हा सल्ला वाटतो तितका सुरक्षित नाही. वजनाचाही अंदाज ठेवा: सी६-५ च्या एका मोटरीला एस्टेसने ११३ ग्रॅमची मर्यादा दिली आहे. चार मोटरींचं रॉकेट ३३० ग्रॅमच्या आत ठेवलं तर तीनवरही ते दांड्यावरून नीट सुटेल. न पेटलेली मोटर परत आली की ती जिवंतच समजायची.

मोटरी आणि इग्नाइटर या दुकानात मिळत नाहीत, आणि मागूही नका. मोटरीत बारूद असतं आणि तिला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम लागू होतात. परवान्याचं विचारायला लांब जावं लागत नाही: पेसोचं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवरच आहे. फटाक्याची वात लावून क्लस्टर पेटवायचा विचारही करू नका. चार वाती एका क्षणी कधीच पोचत नाहीत, आणि पेटवणारा माणूस रॉकेटपाशी उभा असतो.

दुकानात जाल तेव्हा डबा झुपक्याशिवाय मागा, तेवढे पैसे कमी करून मिळतात. त्याच वेळी ४० अँपिअरचा रिले, बंद स्थितीतच निघणारी चावी, एक डायोड, दोन छोट्या क्लिपा, फ्यूज होल्डरसकट ३० चे दोन फ्यूज आणि तीन तारांची २० मीटर केबल घ्या. कट-ऑफ स्विच तिथे नसेल, तो गाडीच्या सामानाच्या दुकानातून. आणि काउंटरवरच बॅटरी लावून रिले दहा वेळा वाजवून बघा. तिथला आवाज प्रत्येक वेळी एकाच ‘टक’चा आला पाहिजे.